टपावरचे किलो

सकाळी ७

गणपती आठवड्यावर आले की आमच्या शेडचं शटर तासभर लवकर वर जातं. पुण्यात या दिवसांत पाऊस रेंगाळत असतो. ओल्या टपावर काही बसवता येत नाही, त्यामुळे सगळं काम छपराखाली आणि एका वेळी एकच गाडी, असं आखावं लागतं. मी आणि माझे दोन साथीदार गाड्यांच्या टपावर क्रॉस बार आणि रूफ बॉक्स बसवतो. मे महिन्याची सुट्टी, गणपती आणि दिवाळी हे आमचे हंगाम. त्यात गणपतीची गर्दी सगळ्यात मोठी, कारण कोकणातलं कुटुंब गणपतीला गावी निघतं तेव्हा निम्मं घर सोबत घेतं.

दिवसाचं पहिलं काम फोनचं. आज येणाऱ्या प्रत्येकाला मी तीन गोष्टी विचारतो. गाडी कोणती आणि कोणत्या वर्षाची? टपावर रेल आहेत का, आणि असतील तर रेल आणि पत्रा यांच्यामधून बोटं आरपार जातात का? आणि गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक, म्हणजे ओनर्स मॅन्युअल, कुठं आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पटकन येतात. पुस्तक मात्र शोधावं लागतं. गाडी जुन्या बाजारातून घेतलेली असेल तर ते नसतंच. अशा वेळी कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून आणा, असं मी सांगतो. टपावर जास्तीत जास्त किती वजन चालेल, तो आकडा त्या पुस्तकात असतो आणि माझं दिवसभराचं काम त्या आकड्याला बांधलेलं असतं.

फोन होईतो पोरांनी टॉर्क पाना, ॲलन की, मोजपट्टी आणि स्वच्छ फडकी मांडून ठेवलेली असतात. रूफ बॉक्स भिंतीवर पट्ट्यांनी टांगलेले आहेत. पेट्या दोन मीटरच्या आतबाहेर लांब, काळ्या आणि आतून पोकळ. बघणाऱ्याला त्यांचा मोठेपणा आधी दिसतो, आणि तिथूनच गैरसमजाला सुरुवात होते.

सकाळी ८

पहिली गाडी सात आसनी, सीएनजीवर चालणारी. शिक्षक असलेले गृहस्थ, त्यांच्या पत्नी, आई आणि दोन मुलं असे सगळेच आले आहेत. गावाला जाताना धाकटा भाऊही सोबत असणार. गाव गुहागरजवळ. वाट उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरणारी.

सीएनजी गाड्यांमुळे आमचं काम गेल्या काही वर्षांत बदललं. इंधन स्वस्त पडतं म्हणून मोठी कुटुंबं सीएनजी घेतात आणि डिकीत साठ लिटरच्या आसपासचा सिलिंडर येऊन बसतो. तिसऱ्या रांगेत माणसं बसली की मागे दोन पिशव्यांपलीकडे काही मावत नाही. टाटांनी २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये डिकीच्या तळाखाली तीस-तीस लिटरचे दोन सिलिंडर आडवे बसवून ही जागा सोडवली. तरी रस्त्यावरच्या कितीतरी सीएनजी गाड्यांची डिकी अजून सिलिंडरच्याच ताब्यात आहे. माणसं आत बसली की सामानाला टपच उरतो.

"काका, तुमच्याकडची सगळ्यात मोठी पेटी दाखवा. एकदाच घ्यायची आहे," सर म्हणाले.

"दाखवतो सर, पण आधी पुस्तक बघू."

पुस्तकात आकडा सापडला : ७५ किलो. सरांना वाटलं, पंच्याहत्तर किलो सामान नेता येईल. मी फळ्यावर हिशेब मांडला. दोन क्रॉस बार आणि त्यांचे पाय मिळून ६ किलो. साडेचारशे लिटरची रिकामी पेटी २० किलो. पंच्याहत्तरमधून सव्वीस गेले, उरले ४९. पुस्तकातला आकडा टपावरच्या सगळ्या वजनाचा असतो, त्यात बार आणि पेटीही आली. पेटी आणखी मोठी घेतली तर तिचं स्वतःचं वजन वाढेल आणि सामानाच्या वाट्याचे किलो कमी होतील.

साडेचारशे लिटरला ४९ किलो म्हणजे साधारण नऊ लिटरला एक किलो. एक लिटरच्या मापात तांदूळ घेतला तर तोच पाऊण किलोच्या वर भरतो. म्हणजे ही पेटी धान्यासाठी नाही, भांड्यांसाठी नाही, पाण्याच्या बाटल्यांसाठी तर नाहीच. ती अंथरूण-पांघरूण, कपडे, घडीचं मखर, आरास, पडदे यांच्यासाठी आहे. जागा खूप खाणारं आणि वजनाला हलकं, ते वर जावं.

सर फळ्याकडे बघत राहिले. त्यांच्या पत्नींनी पर्समधून सामानाची यादी काढली आणि पेनाने मधोमध रेघ ओढली. "वरचं आणि खालचं वेगळं करू या. समई, ताम्हण, पितळेचे डबे खाली, माझ्या पायाशी. मखर आणि गोधड्या वर." पाच मिनिटांत त्यांची यादी मार्गी लागली. माझ्या अनुभवात घरातलं सामान बांधणाऱ्या बाईला हा हिशेब सगळ्यांत लवकर कळतो, कारण कुठल्या पिशवीला किती भार आहे ते तिच्या हातांना माहीत असतं.

आजींनी एक प्रश्न विचारला, तो मात्र फार मोलाचा होता. "जाताना जमेल रे बाबा, पण येताना नारळ असतात, तांदूळ असतो, त्याचं काय?"

गावाहून परतणारी गाडी नेहमी जड असते. गोधड्या गावीच ठेवल्या तर पेटीत जागा होते, आणि रिकामी जागा दिसली की माणूस ती भरतो. सोललेला नारळ अर्ध्या किलोच्या आसपास धरला तर शंभर नारळांत टपाचा हिशेब संपतो आणि पेटी तरीही अर्धी रिकामी दिसते. मी आजींना सांगितलं, नारळ-तांदूळ गाडीच्या तळाला, आणि उरलेलं पार्सलने. त्यांनी मान डोलावली आणि सुनेला म्हणाल्या, "लिही."

सकाळी ९

आता पेटीची निवड. किलोचा निर्णय झाला की लांबी-रुंदीचा विचार करता येतो.

पुठ्ठ्याचे कापलेले आकार आम्ही ठेवले आहेत, प्रत्येक पेटीच्या मापाचे. ते टपावर ठेवायचे आणि मग डिकीचं दार पूर्ण उघडायचं. दार वर जाताना मागच्या बाजूला पेटीला लागतं का, हे पुठ्ठ्यावर कळलेलं बरं. लहान गाड्यांत टप आखूड असतो, पेटी मागे सरकवली की डिकी अडते, पुढे ओढली की पेटीचं नाक काचेवर येतं. पुढे आलेल्या नाकाखाली वारा शिरतो आणि पेटीला वर उचलू बघतो. मागच्या शार्क फिन अँटेनाचीही जागा सोडावी लागते.

रुंदीचं गणित वेगळं आहे. अरुंद, लांब पेटी घेतली तर शेजारी सायकल किंवा दुसरं काही बांधता येतं. रुंद, आखूड पेटी घेतली तर मोठ्या बॅगा सहज आडव्या बसतात. पेटी गाडीच्या अंगाबाहेर जाता कामा नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) नुसार गाडीच्या बाजूंबाहेर, पुढे-मागे किंवा उंचीच्या मर्यादेबाहेर जाणाऱ्या भाराला २०,००० रुपये दंड आहे, आणि सामान उतरवून घेण्याचा खर्च वेगळा.

झाकण दोन्ही बाजूंनी उघडणारं असावं, असा माझा आग्रह असतो. पुण्यातल्या गल्लीत गाडी भिंतीला चिकटून लावावी लागते, गावच्या वाटेवर एका अंगाला गडगा असतो. झाकण एकाच बाजूने उघडत असेल आणि ती बाजू भिंतीकडे असेल तर गाडी काढून पुन्हा लावायची वेळ येते. कुलूप असं हवं, की सगळ्या खिट्ट्या नीट बसल्याशिवाय किल्ली बाहेर येणारच नाही. किल्ली निघाली म्हणजे झाकण पक्कं, ही खूण अंधारात आणि पावसातही चालते.

शेवटी उंची. या गाडीचा टप जमिनीपासून १७० सेंटिमीटरवर. बारचे दहा, पेटीचे चव्वेचाळीस, म्हणजे २२४. कितीतरी मॉलच्या आणि सोसायट्यांच्या तळघरांच्या तोंडाशी २.१ मीटरची पाटी असते. रोजच्या सवयीने तिथे शिरलेली गाडी पेटी फोडून घेते आणि बारांसकट टपाचा पत्राही ओढते. म्हणून आम्ही एका जाड कागदावर २२४ सेंमी असं मोठ्या अक्षरात लिहून चालकाच्या समोर डॅशबोर्डवर चिकटवतो.

सरांनी साडेचारशे लिटरची पेटी निवडली, आणि तीही भाड्याने. मी तेच सुचवलं होतं. वर्षातून एक-दोनदा लागणारी दोन मीटर लांबीची वस्तू फ्लॅटमध्ये ठेवायची कुठे, या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. मग ती वर्षभर टपावरच राहते आणि रोज इंधन खाते.

सकाळी १०

बार बसवणं हे या कामाचं मर्म आहे. पेटी लोकांना दिसते, पण तिला धरून ठेवतात ते बार आणि बारचे चार पाय.

टप चार-पाच तऱ्हेचे असतात. जुनी ओम्नी आठवा, तिच्या टपाच्या कडेने पन्हळ होती, पाय त्या पन्हळीत बसायचे आणि काम सोपं व्हायचं. काही गाड्यांना उठलेले रेल असतात, ज्यांच्याखालून बोटं जातात. पाय त्या रेलला वेढा घालून धरतो. काहींचे रेल पत्र्याला चिकटून असतात, त्यांना आतल्या बाजूने पकड घेणारे वेगळे पाय लागतात. काही गाड्यांच्या टपात कंपनीनेच झाकणाखाली बोल्टच्या जागा ठेवलेल्या असतात. आणि उरलेल्या सगळ्या गाड्या उघड्या टपाच्या, जिथे दाराच्या चौकटीच्या कडेवर आकडा अडकवून पाय घट्ट करावा लागतो. या शेवटच्या तऱ्हेत प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा संच येतो, कारण प्रत्येक टपाचा बाक वेगळा. एका गाडीचा संच दुसऱ्या गाडीवर 'जवळपास बसतो' असं कोणी म्हणालं तर तिथून गाडी परत न्यावी.

सरांच्या गाडीला उठलेले रेल होते आणि पुस्तकात ते भार पेलणारे असल्याचं लिहिलं होतं. आधी टप आणि रेल धुऊन कोरडे केले. पायाखाली धुळीचा कण राहिला की प्रवासाच्या थरथरीने तो रंग खरवडतो, आणि ओरखड्यात पावसाचं पाणी गेलं की गंज धरतो. मग पुढच्या आणि मागच्या बारमधलं अंतर ठरवलं. पेटीच्या कागदावर किमान आणि कमाल अंतर दिलेलं असतं, बहुधा सत्तर सेंटिमीटरच्या अवतीभवती. बार फार जवळ आले तर पेटी पुढे-मागे डुलते.

बार मध्यावर आहे ना, हे दोन्ही बाजूंनी मोजपट्टी लावून बघायचं. दोन्हीकडे सारखं माप आलं की पाय आवळायला घ्यायचे. एकच पाय शेवटपर्यंत आवळून दुसऱ्याकडे वळलं तर बार तिरका बसतो. म्हणून डावा थोडा, उजवा थोडा, पुन्हा डावा, पुन्हा उजवा. शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानेच करायचं, कागदावर दिलेल्या न्यूटन-मीटरला. 'टिक' आवाज आला की हात थांबला पाहिजे. ढिलं राहिलं तर पाय सरकतो, जास्त आवळलं तर रेल दबतो किंवा पत्रा वाकतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोराला मी सुरुवातीचे काही महिने फक्त हे आवळणं शिकवतो.

एक गोष्ट आमच्या शेडमध्ये होत नाही. टपाच्या पत्र्याला भोक पाडून कॅरियर बसवून द्या, असा आग्रह कोणी धरला तर आम्ही काम घेत नाही. त्या भोकातून पाणी गळतं, पत्रा कुजतो, आणि पातळ पत्र्याच्या कडेवर अख्खा भार येतो.

सकाळी साडेअकरा

पेटी दोघांनी मिळून उचलायची आणि बारांवर अलगद ठेवायची. आतून चार पकडी बारला धरतात. काही पकडी बारभोवती वेढा घालतात, काही बारच्या वरच्या खाचेत सरकतात. खाचेतली रबरी पट्टी आम्ही पकडीपर्यंत कापून पुन्हा बसवतो. उघड्या राहिलेल्या खाचेवरून वारा गेला की शिट्टी वाजते, आणि कुंभार्लीपर्यंत ती शिट्टी ऐकत जाणं मोठी शिक्षा आहे.

पेटी बसली की आम्ही ती दोन्ही हातांनी पुढे, मागे आणि आडवी ढकलून बघतो. पेटीबरोबर सबंध गाडी हलली पाहिजे, पेटी एकटी हलता कामा नये. ताशी ऐंशीच्या वेगात जोराचा ब्रेक लागला की टपावरचे पंच्याहत्तर किलो साठ किलोच्या आसपास जोराने पुढे रेटले जातात. तो रेटा पेलतात ते चार पाय आणि चार पकडी. युरोपात अशा कॅरियरसाठी डीआयएन ७५३०२ आणि आयएसओ १११५४ ही मानकं आहेत. पाय आणि बार विकत घेताना खोक्यावर त्यांचा उल्लेख आहे का, हे मी गिऱ्हाइकाला स्वतः वाचायला लावतो.

मग चारही दारं उघडून-मिटून पाहिली, डिकी पूर्ण वर केली, मागच्या आरशातून पाहिलं. सरांच्या थोरल्या मुलीने किल्ली फिरवून झाकण दोन्ही बाजूंनी उघडलं. घरातल्या दोघांना तरी ते आलं पाहिजे.

दुपारी साडेबारा

गाडी ताब्यात देण्याआधी अर्धा तास मी बोलण्यासाठी राखतो. याचे पैसे नसतात, पण हा वेळ दिला नाही तर सकाळपासूनचं काम अर्धंच राहतं.

सामान भरताना जड ते मध्ये, दोन बारांच्या मधल्या पट्ट्यात. पुढच्या आणि मागच्या टोकाला उश्या, चादरी, मुलांचे कपडे. आतले पट्टे आवळून बांधायचे, पेटी भरलेली असली तरीही. पेटीच्या कडेला रबर असतं, पण कोकणातला वाऱ्याने आडवा झालेला पाऊस त्याला जुमानत नाही. म्हणून जे भिजून चालणार नाही ते आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं.

गाडी चालवताना लक्षात ठेवायचं की गाडीचा तोल आता वर सरकला आहे. घाटातल्या वळणावर तिचं अंग नेहमीपेक्षा जास्त कलतं, ब्रेकनंतर थांबायला अंतर जास्त लागतं. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक मारायचा नाही. पुलावर आणि उघड्या माळावर आडवा वारा पेटीला धरतो, तिथे स्टिअरिंगवर दोन्ही हात. अनेक पेट्यांच्या कागदावर कमाल वेग ताशी १३० किमी लिहिलेला असतो. आपल्या रस्त्यांवर तो आकडा मनातून काढून टाकावा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मोटारींना मर्यादाच १०० ची आहे, आणि पेटी असताना मी ऐंशी-नव्वदच सांगतो.

त्याला इंधनाचंही कारण आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १०० वर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो. नव्वद सेंटिमीटर रुंद आणि चाळीसेक सेंटिमीटर उंच पेटी म्हणजे गाडीच्या समोरच्या अंगात साधारण सहावा-सातवा हिस्सा भर. अमेरिकेच्या सरकारी इंधन-माहितीनुसार मोठ्या, बोथट रूफ बॉक्समुळे शहरात मायलेज २ ते ८ टक्के घटतं, महामार्गावर ६ ते १७ टक्के, आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगाला १० ते २५ टक्के. सीएनजी घेतलेल्या माणसाला हा आकडा सांगितला की पेटी परत करायची तारीख तो चुकवत नाही.

शेवटची सूचना मी दोनदा सांगतो. निघाल्यावर पन्नासेक किलोमीटरच्या आत एकदा थांबा आणि चारही पाय, चारही पकडी हाताने तपासा. रबर दबलेलं असतं, बार थोडे बसलेले असतात. ॲलन की डिकीत ठेवू नका, दाराच्या कप्प्यात ठेवा.

दुपारी दीड

डबा खाताना नाशिकच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. पेटी परत केली, बार तसेच आहेत, आणि आता मोठा घुमणारा आवाज येतो. पेटी असताना तिच्या नाकाने वारा वाटून दिलेला असतो. ती निघाली की बार उघडे पडतात आणि त्यांच्यामागे वाऱ्याचे भोवरे सुटतात. चौकोनी लोखंडी बार सगळ्यात जास्त घुमतात, विमानाच्या पंखासारख्या कापाचे ॲल्युमिनियमचे कमी. "बार उतरवून ठेवा," मी म्हणालो, "आवाज जाईल आणि सहा किलोही उतरतील."

दुपारी अडीच

दुसरी गाडी लहान हॅचबॅक, टपावर चकचकीत चंदेरी रेल. तरुण जोडपं, सोबत सहा महिन्यांचं बाळ. गाडीत बाळाची सीट बसवल्यावर मागे एकच माणूस मावतो, आणि बाळाचं सामान बाळापेक्षा कितीतरी मोठं.

"दादा, रेल तर आहेतच, त्यावर लगेच बसेल ना?" तिने विचारलं.

मी पुस्तक उघडून तिला वाचायला दिलं. रेल शोभेसाठी आहेत, त्यांवर भार ठेवू नये, असं तिथे स्पष्ट होतं. आपल्याकडच्या काही गाड्यांचे रेल असेच असतात. दिसायला भक्कम, आतून प्लास्टिकच्या खुंट्यांवर किंवा चिकटपट्टीवर धरलेले. सावकाश चालवताना ते पेटी धरून ठेवतीलही, पण घाटात पहिला जोराचा ब्रेक लागला की मागच्या गाडीपुढे काय पडेल, याचा विचार केला की हात आपोआप मागे येतो.

त्यांच्या पुस्तकात दाराच्या चौकटीवर बसणाऱ्या कॅरियरची परवानगी होती, मर्यादा ५० किलो. त्या मॉडेलचा संच आमच्याकडे होता. बार आणि सगळ्यात लहान पेटी मिळून वीस किलो, उरले तीस. तिने हिशेब केला : बाळाची घडीची गाडी, डायपरची पुडकी, झोळी, कपडे. एवढं सगळं बावीस किलोत बसत होतं. घरच्या वजनकाट्यावर प्रत्येक पिशवी धरून स्वतः उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, ही युक्तीही तिला सांगितली.

उघड्या टपाच्या गाडीवर आकडा दाराच्या फटीत जातो. तिथे रबरी बीडिंग असतं, ते चिमटलं तर पावसाचं पाणी आत येतं. म्हणून पाय बसवल्यावर प्रत्येक दार मिटून आम्ही पाण्याचा पाइप मारतो आणि आतून कोरड्या कागदाने बीडिंग टिपून बघतो. कागद कोरडा निघाला, मगच पेटी वर चढते.

संध्याकाळी साडेचार

तिसरी गाडी नवीकोरी एसयूव्ही, टपभर काचेचं सनरूफ. घरातले ज्येष्ठ गृहस्थ, सावंतवाडीचे, निवृत्त. सून आणि मुलगा परदेशातून येणार, सहा मोठ्या बॅगा.

मोठी गाडी म्हणजे टप जास्त मजबूत, असं सगळ्यांना वाटतं. पण टपाच्या मधला पत्रा काढून तिथे काच आली की भार कडेच्या चौकटीवर जातो, आणि काय चालेल ते कंपनीनेच सांगितलेलं असलं पाहिजे. या गाडीच्या पुस्तकात सनरूफच्या मॉडेलवर टपावर काहीही ठेवू नये, अशी ओळ होती. शिवाय सनरूफ उघडताना काच वर उचलली जाते, ती पेटीच्या तळाला लागली असती.

"एवढी मोठी गाडी घेतली आणि वर एक बॅग नाही?" त्यांना खरोखर वाईट वाटलं.

मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि बॅगांचा हिशेब केला. मागची आसनं एका बाजूने दुमडली तर चार बॅगा आत. उरलेल्या दोन सावंतवाडीला जाणाऱ्या बसच्या पार्सलने, आदल्या रात्री. पूर्वी एसटीच्याही टपावर ट्रंका, हारे, सायकली चढायच्या, मागच्या शिडीवरून हमाल त्या वर न्यायचा. ती गाडी तेवढ्यासाठीच बांधलेली होती, टपावर लोखंडी कठडा होता आणि सांगाडा जाड होता. आजच्या मोटारीचा टप माणसाला ऊन-पावसापासून आणि अपघातात वाचवण्यासाठी घडवलेला असतो. तो हलका ठेवण्यामागे विचार आहे. गृहस्थ चहा संपवून उठले, तेव्हा त्यांनी पार्सलवाल्याचा नंबर मागून घेतला.

आज या गाडीचं काम झालं नाही, पण हा तास मी कामातच धरतो.

संध्याकाळी ७

शटर अर्धं खाली करून वही उघडायची. प्रत्येक गाडीसमोर लिहायचं : टपाची तऱ्हा, पुस्तकातली मर्यादा, बार आणि पेटीचं वजन, सामानाला उरलेले किलो, एकूण उंची, टॉर्क. दिवाळीत तीच माणसं पुन्हा येतात तेव्हा ही नोंद उपयोगी पडते. पोरं पाने पुसून ठेवतात, टॉर्क पाना त्याच्या सगळ्यात कमी आकड्यापर्यंत सैल करून डब्यात ठेवतात, म्हणजे त्याची स्प्रिंग थकत नाही.

परत आलेल्या पेट्या आतून तपासायच्या. तळाला पांढरट चीर दिसली तर ती पेटी भाड्याला जात नाही. पेटी एबीएस प्लास्टिकची असते, उन्हाने कोरडी पडते, आणि जास्त भाराने तिचा तळ पकडीपाशी पहिल्यांदा तडकतो. किती जणांनी किती भरलं होतं, हे पेटीचा तळ सांगतो.

रात्री साडेनऊ

सरांचा फोन. खेड शिवापूरच्या टोलनाक्यापुढे थांबले होते. "काका, तपासलं. मागचा डावा पाय किंचित फिरला, बाकी सगळं घट्ट." पाऊस नव्हता, वेग सत्तरच्या आत होता. मी वहीत त्यांच्या नावापुढे खूण केली.

ही खूण करताना एक गोष्ट दरवेळी मनात येते, आणि ती गाड्या बनवणाऱ्यांनी ऐकावी असं मला मनापासून वाटतं. चालकाचं दार उघडलं की खांबावर टायरच्या हवेचा कागद चिकटवलेला असतो. पुढच्या चाकांत किती, मागच्या चाकांत किती, गाडी भरलेली असताना किती, हे पंपावरचा पोऱ्याही वाकून वाचतो. टपावर किती किलो चालतील, हा आकडा मात्र बहुधा पुस्तकाच्या आतल्या पानावर राहतो. पेटी विकणारे लिटर सांगतात, कारण लिटरचा आकडा मोठा दिसतो. टपाचे किलो सांगायचं काम गाडी बनवणाऱ्याचं आहे. टायरच्या आकड्यांखाली आणखी एक ओळ छापायला काही खर्च येत नाही : टपावर बार आणि पेटीसह कमाल इतके किलो, रेल भार पेलणारे आहेत की नाहीत. ती ओळ असेल तर ज्यांच्या हाताशी आमच्यासारखं शेड नाही, त्या कुडाळच्या, बार्शीच्या, परभणीच्या माणसालाही घाटात शिरण्याआधी आपल्या टपाची ताकद कळेल. तोवर आम्ही आमच्या प्रत्येक गाडीच्या दारावर तो आकडा स्वतःच्या हाताने लिहून चिकटवतो. उद्याच्या गाड्यांसाठी कोरे कागद काढून ठेवले आहेत, आणि प्रत्येक गाडीवाल्याला सकाळी सातला पहिला फोन जाईल तो पुस्तकासाठी.